सिबिल स्कोर ५८३ म्हणून बँकेनं फाईल परत दिली. कुठं बिघडलं ते कसं शोधायचं?

रेणाकाठ

राम राम मंडळी. लातूर जिल्हा, रेणापूर तालुक्यातला हाय मी. चार एकर जमीन, सोयाबीन अन् तूर, संगं तीन म्हशी. गावातलं दूध गोळा करून लातूरला पोचवायचं काम दोन वर्षं झालं करूलालो, टेम्पो भाड्याचा. भाडंच एवढं जातंय की हातात काय उरत नाही, म्हणून सोताचा छोटा हत्ती घ्यावा म्हणलं. कोटेशन, सातबारा, आठ-अ, दुधाच्या पावत्या, सगळी फाईल करून बँकेत गेलो. साहेबांनी फाईल उघडलीच नाही. आधी पॅन नंबर टाकला, मॉनिटरकडं बघितलं अन् म्हणाले सिबिल ५८३ हाय, बसत नाही.

मला लै लागलं ते. वडील वारल्यापासून सोसायटीचं पीककर्ज मी एक साल बी थकवलं नाही. दरवर्षी मुदतीच्या आत नवं-जुनं करतो, म्हणजे जुनं भरून नवं उचलतो, एका साली भाव पडले तवा आडत्याकडून चार दिवसासाठी पैसे उचलून केलं पण केलं. गावात कुणाचा रुपया ठेवला नाही. मग हा आकडा कोण ठरवतंय, कशावरून ठरवतंय, अन् मला विचारल्याबिगर माझ्याबद्दल लिहितंय कोण? घरी कुणाला सांगितलं नाही अजून. ज्यांना माहिती हाय त्यांनी सविस्तर लिहा.

मोंढा_गल्ली

भावा वाईट वाटून घेऊ नको, आमच्या आडतीवर आठवड्याला एकजण तरी हेच सांगत येतो. पहिलं काम, सोताचा रिपोर्ट काढ. स्कोर म्हणजे नुसता निकाल असतो, पेपर कुठं चुकला ते रिपोर्टात कळतं. सिबिलच्या साईटवर वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, रिझर्व्ह बँकेचा नियमच हाय तसा २०१७ पासून. पॅन अन् मोबाईल नंबर लागतो. प्ले स्टोअरवरच्या कुठल्या बी अ‍ॅपात माहिती भरू नको, थेट त्यांच्या साईटवरच जा.

जिंतूर_रोड

आणि आपला आपण रिपोर्ट बघितला तर स्कोर कमी होतो म्हणतात ते खोटं आहे. बँकेनं कर्जासाठी बघितला तर त्याची चौकशी म्हणून नोंद पडते, आपण बघितलेल्याची पडत नाही.

निवृत्त_कॅशियर_परभणी

३४ वर्षं बँकेत काढली, त्यातली बरीच खेड्यातल्या शाखेत. तुमचं वाचून राहवलं नाही म्हणून जरा लांबलचक लिहितोय, सगळ्यांच्याच उपयोगी पडेल.

आपण ज्याला सिबिल म्हणतो ती लोकांच्या कर्जफेडीची नोंद ठेवणारी एक कंपनी आहे, २००० साली सुरू झाली. सरकारी खातं नाही आणि ती बँकही नाही. अशा चार कंपन्या आपल्याकडं आहेत, सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हायमार्क. नाव सिबिलचंच रुळलं, जसं वनस्पती तुपाला सगळे डालडाच म्हणतात. २००५ च्या कायद्यानं या कंपन्यांना माहिती गोळा करायचा अधिकार दिला आणि माहिती देतात कोण तर बँका, फायनान्स कंपन्या, क्रेडिट कार्डवाले. तुम्ही कर्जाच्या अर्जावर ज्या वीस-पंचवीस सह्या करता ना, त्यातल्या एकीत ही परवानगी असते. पूर्वी माहिती महिन्याला जायची, जानेवारी २०२५ पासून पंधरा दिवसाला जायला लागली, त्यामुळं चूकही लवकर दिसते आणि दुरुस्तीही.

स्कोर ३०० ते ९०० मधे असतो. ७५० च्या वर असला तर बँकवाले जास्त विचारत नाहीत, साडेसहाशेच्या खाली गेला की सरकारी बँकेत वाहन कर्ज बसवणं अवघड होतं. प्रत्येक बँकेची हद्द वेगळी असते. आकडा ठरताना सगळ्यात जास्त वजन एका गोष्टीला, हप्ता तारखेला भरला का. रिपोर्टात प्रत्येक खात्यापुढं मागच्या ३६ महिन्यांचे चौकोन असतात, प्रत्येक चौकोनात किती दिवस उशीर झाला तो आकडा. तीन शून्य म्हणजे वेळेवर. ०३० म्हणजे महिनाभर उशीर. ०९० च्या पुढं गेलं की ते खातं साधारणपणे एनपीए, म्हणजे बुडीताच्या वाटेवरचं. पीककर्जाला मात्र दिवस नाही तर हंगाम मोजतात. त्याशिवाय कर्ज किती आहे, किती जुनं आहे, तारण आहे की बिनतारणी, आणि थोड्या दिवसात किती ठिकाणी अर्ज केले हे बघितलं जातं.

आता तुमच्या मुद्द्यावर येतो आणि हे नीट वाचा. पगार किती, जमीन किती, शेजारीपाजारी काय म्हणतात हे स्कोरमधे कुठंच येत नाही. सोसायटीचं कर्जसुद्धा बऱ्याच जणांच्या रिपोर्टात येत नाही, कारण गावातली विकास सोसायटी रिझर्व्ह बँकेच्या थेट ताब्यात नसते. म्हणजे तुम्ही दरवर्षी जे नवं-जुनं केलं ते कदाचित कुणी लिहूनच ठेवलेलं नाही. रिपोर्ट काढा आणि सोसायटीचं खातं दिसतंय का ते आधी बघा. मला वाटतं तुमचा स्कोर पाडणारं काहीतरी दुसरंच असणार, तुमच्या लक्षातही नसलेलं. मोबाईल, फ्रीज, टीव्ही हप्त्यावर घेतलाय का? कुणाला जामीन राहिलात का?

रेणाकाठ

काका तुम्ही जामीन म्हणलात अन् माझ्या पोटात गोळाच आला. रिपोर्ट काढतो अन् सांगतो.

शिवना_टाकळी

एवढं सगळं कशाला पाहिजे? मुख्यमंत्र्यांनी बँकांना सांगितलंय ना की शेतकऱ्याला सिबिल मागायचं नाही, मागितलं तर गुन्हा दाखल करू म्हणून. पेपरात आलं होतं. बँकेवर तक्रार ठोका सरळ.

निवृत्त_कॅशियर_परभणी

सांगितलंय हे खरं, पण ते पीककर्जापुरतं. शेतकरी टेम्पो घ्यायला गेला की ते वाहन कर्ज, तिथं बँक स्कोर बघणारच. गाय, ट्रॅक्टर, घर, मुलाचं शिक्षण, या सगळ्याला बघतात. आणखी एक गोष्ट जी शाखेतले लोक बऱ्याचदा सांगत नाहीत, ज्यानं आयुष्यात कधी कर्जच घेतलं नाही त्याचा स्कोर येत नाही, तिथं उणे एक किंवा एनएच दिसतं. अशा माणसाचा अर्ज केवळ तुमची हिस्ट्री नाही म्हणून फेटाळायचा नाही असं रिझर्व्ह बँकेनंच सांगितलेलं आहे. कोरा कागद असणं आणि कागदावर लाल शेरा असणं या दोन वेगळ्या गोष्टी. आमच्या शाखेतच लोक यात गल्लत करायचे.

बालाघाट_८८

मपलं सांगतो. बीड जिल्हा, केज तालुका. २०१८ ला एका फायनान्सकडून मोटारसायकल घेतली. दोन वर्षं हप्ते भरले, मग लॉकडाऊन लागला, काम बंद, सात हप्ते तटले. वसुलीवाली पोरं घरी यायला लागली, आईसमोर वाटेल ते बोलायची. शेवटी त्यांच्यातलाच एकजण म्हणला की ३१ हजार निघतेत, तुम्ही १८ भरा, मी तुमचं खातं क्लिअर करून देतो. बायकोचं डोरलं मोडून भरले. पावती दिली त्यांनी, त्यावर सेटलमेंट असं लिहिलेलं. आम्हाला वाटलं झालं, सुटलो.

तीन वर्षांनी शेळीपालनासाठी बँकेत गेलो तर रिपोर्टात त्या खात्यापुढं सेटल्ड असं लिहिलेलं. साहेब म्हणले सेटल्ड म्हणजे तुम्ही पूर्ण पैसे दिले नाहीत, बँकेनं पाणी सोडलं. क्लोज्ड वेगळं अन् सेटल्ड वेगळं. हे आम्हाला त्या वेळी कुणी सांगितलं असतं तर बाप्पा, १८ च्या जागी आणखी कुठून तरी १३ आणून ३१ भरले असते. डोरलं तर गेलंच होतं.

आणि दुसरं एक मनातलं. माझे वडील पंधरा-सोळा वर्षं ऊसतोडीला गेले. दरवर्षी दसऱ्याच्या आसपास मुकादमाकडून उचल घ्यायची अन् सहा महिने थंडीत कोयता चालवून ती फेडायची. ज्या साली फिटली नाही त्या साली पुढच्या हंगामात फेडली. एका रुपयाला खोटे पडले नाहीत. ते कर्ज नव्हतं का? पण त्याची नोंद कुठंच न्हाई. मोटारसायकलचे सात हप्ते तेवढे लिहून ठेवले.

गोदाकाठची_लेक

बालाघाट दादा, तुमचं वाचून डोळ्यात पाणी आलं. आमच्याकडं नांदेडला बायकांचं असंच आहे, फक्त उलट्या बाजूनं, बायकांची नोंद फार लवकर होते आणि त्यांनाच ते माहिती नसतं.

मी आमच्या भागातल्या बचत गटांचं काम बघते. गटाचं बँकेतलं कर्ज वेगळं आणि त्या मायक्रोफायनान्सवाल्यांचं आठवड्याच्या हप्त्याचं वेगळं, पण बायका दोन्हीला गटच म्हणतात. मायक्रोफायनान्सचं कर्ज प्रत्येकीच्या स्वतःच्या नावावर असतं, प्रत्येकीच्या आधारवर, आणि ते ब्युरोत, म्हणजे सिबिलसारख्या कंपन्यांकडं, जातंच. एकीनं चार आठवडे भरलं नाही की बाकीच्या चौघी तिचं भरतात, पण एखाद्या आठवड्यात चौघींनाही जमलं नाही तर ज्यानं त्यानं आपापलं बघा. आमच्यातली एक बाई तीन कंपन्यांकडून घेऊन बसली होती, एकाचा हप्ता भरायला दुसरं काढायचं, दुसऱ्याचा भरायला तिसरं. नवऱ्याला दारूचा नाद, तिच्या नावावर काढायला लावायचा. आता मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी शैक्षणिक कर्ज पाहिजे आणि आईचं नाव सहकर्जदार म्हणून लागतं तर आईचाच स्कोर गेलेला.

२०२२ पासून नियम आहे की वर्षाला ३ लाखापर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या कमाईच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत. कागदावर उत्पन्न फुगवून लिहिलं की नियम बसतो. सही करताना उत्पन्नाच्या रकान्यात काय आकडा टाकलाय तो वाचा म्हणून मी प्रत्येक मिटिंगला सांगते. नवऱ्याच्या कर्जावर सहकर्जदार म्हणून सही केली तर ते कर्ज तुमचंही असतं, हे तर गळा सुकेस्तोवर सांगते.

मोंढा_गल्ली

ताई हे तुम्ही लिहिलं ते चांगलं केलं, आमच्या घरच्यांना वाचून दाखवतो.

औशाचा_पोरगा

एक विचारायचं होतं, मी लातूरला क्लासला आहे, बँकेच्या परीक्षा देतोय. आयबीपीएसच्या जाहिरातीत जॉइन होताना क्रेडिट हिस्ट्री चांगली पाहिजे असं लिहिलंय. आमच्या रूमवरच्या तिघांनी मोबाईल हप्त्यावर घेतलेत आणि एकानं लोन अ‍ॅपवरून ५ हजार काढलेले, ते अ‍ॅप आता प्ले स्टोअरवरून गायब आहे, पैसे कुणाला भरायचे तेच कळत नाही. खरंच नोकरीवर परिणाम होतो का??

निवृत्त_कॅशियर_परभणी

होतो बाळा. ती अट खरी आहे. ज्याच्या नावावर कधी कर्जच नाही त्याला अडचण नाही, पण थकलेलं असेल तर जॉइन होण्याआधी ते मिटवून बँकेचा ना-हरकत दाखला द्यावा लागतो. पाच वर्षं अभ्यास करून निवड व्हायची आणि मोबाईलच्या हप्त्यानं अडायचं, असं होऊ देऊ नका. अ‍ॅपच्या बाबतीत, मित्राला रिपोर्ट काढायला सांग. कर्ज देणारी खरी फायनान्स कंपनी कोणती तिचं नाव रिपोर्टात असतं, अ‍ॅप फक्त पुढचं तोंड असतं. त्या कंपनीला मेल करायचा, पैसे तिच्याच खात्यात भरायचे आणि दाखला मागायचा. रिपोर्टात काहीच नसेल आणि फोनवर नुसत्या धमक्या येत असतील तर ती कंपनीच बोगस असू शकते, मग सायबरच्या १९३० नंबरवर तक्रार.

रेणाकाठ

रिपोर्ट निघाला. रात्री बारापर्यंत बसून वाचला, निम्मं कळलं नाही म्हणून भाच्याला बोलावलं.

काका तुमचं सगळं खरं निघालं. सोसायटीचं खातं रिपोर्टात नाहीच. आठ वर्षांचं नवं-जुनं, कुठंच नाही. ज्या दोन गोष्टी हायत त्या अशा. एक, २०२० ला बायकोसाठी मोबाईल घेतला होता दुकानातून शून्य टक्क्यावर, सहा हप्ते. सहाच्या सहा भरले हे मला पक्कं आठवतं. पण एका महिन्यात खात्यात पैसे दोन दिवस उशिरा पडले होते, हप्ता बाऊन्स झाला अन् पुढच्या आठवड्यात मी दुकानात जाऊन भरला. त्या बाऊन्सचा दंड अन् त्यावरचं व्याज तसंच राहिलं. ते वाढत वाढत १,१८० रुपये झालं अन् खात्यापुढं शेरा हाय रिटन ऑफ, म्हणजे बुडीत धरलेलं. अकराशे ऐंशी रुपये. मला कधी फोन बी आला नाही, त्या वेळचा नंबर बंद झाला होता माझा.

दुसरं जामीन. शेजारच्या गावचा माझा वर्गमित्र, त्याच्या ट्रॅक्टरला २०२२ ला सही दिली. त्याचे चार हप्ते तटलेत. मला तो एका शब्दानं बोलला नाही. रोज रस्त्यात भेटतो, चहा पितो संगं. माझ्या रिपोर्टात ते खातं जामीनदार म्हणून हाय अन् त्यापुढं १२० दिवस लिहिलंय.

बालाघाट_८८

मित्रावर लगेच चिडू नका. लाजंनं बोलला नसंल. सप्टेंबरात पाण्यानं किती जणांचं सोयाबीन गेलं ते तुम्हाला बी माहिती हाय.

निवृत्त_कॅशियर_परभणी

जामिनाचा अर्थ आपल्याकडं ओळख देणं असा घेतात, मित्र आहे, नाही कसं म्हणायचं. १८७२ च्या करार कायद्यात कलम १२८ आहे, जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. बँकेला आधी कर्जदाराच्या मागं लागून मग तुमच्याकडं यायचं असंही बंधन नाही. सही करण्याआधी मी स्वतः लोकांना हे सांगायचो, काहीजण उठून जायचे आणि कर्जदार माझ्यावर रागवायचा.

आता करायचं काय. मोबाईलचं आधी घ्या कारण ते तुमच्या हातात आहे. त्या कंपनीच्या शाखेत जा, १,१८० भरा, दंड माफ करतो अर्धे द्या असं कुणी म्हणलं तरी अर्धे भरू नका, बालाघाटांचं उदाहरण वर आहेच, पूर्णच भरा. पावती आणि नो ड्यूज दाखला घ्या, दाखल्यावर कर्ज खातं क्रमांक आहे का ते तिथंच उभं राहून बघा. मग सिबिलच्या साईटवर डिस्प्यूट, म्हणजे नोंद दुरुस्तीची तक्रार, टाका आणि दाखला जवळ ठेवा. सिबिल स्वतः काही खोडत नाही, ती कंपनीला विचारते, कंपनी हो म्हणाली की बदल होतो. ३० दिवसात तक्रार मिटली पाहिजे, नाही मिटली तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई तुम्हाला मिळायला पाहिजे, एप्रिल २०२४ पासून हा नियम लागू आहे. तरीही कुणी दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं ऑनलाईन तक्रार, फुकट असते, वकील लागत नाही. चारही कंपन्यांचे रिपोर्ट बघा, एकीकडं दुरुस्त झालं आणि दुसरीकडं राहिलं असंही होतं.

शेरा एका दिवसात पुसला जाणार नाही. नोंदी किमान सात वर्षं ठेवायचा नियम आहे. पण थकबाकी शून्य झाली की बँकेचा माणूस त्याकडं वेगळ्या नजरेनं बघतो.

देवणीवाला

आमच्या चौकात एक बोर्ड लागलाय, सिबिल क्लिअर करून मिळेल, ८,००० रुपये. माझ्या मेव्हण्यानं दिले. त्यानं काय केलं तर पॅन, आधार, ओटीपी घेतला आणि हाच फुकटचा डिस्प्यूट टाकला, तो बी खोटा, की हे खातं माझं नाहीच म्हणून. कंपनीनं नाकारला. आता फोन उचलत नाही. अन् ओटीपी दिल्यामुळं त्याच्या नावावर आणखी काय काय काढलं असंल ही भीती वेगळीच. कृपा करून कुणी असल्या माणसाकडं जाऊ नका.

हिंगोलीची_माय

माझ्या भावाच्या रिपोर्टात तर त्याचं नसलेलं कर्जच निघालं. गावात त्याच नावाचे, त्याच आडनावाचे तिघं, आणि तिघांचीही जन्मतारीख १ जून. आमच्या पिढीत गुरुजी शाळेत टाकताना सगळ्यांना १ जूनच लावायचे. कंपनीच्या माणसानं पॅनचा एक आकडा चुकवला असणार, बाकी सगळं जुळतंय तर कोणाला संशय येणार. ते दुरुस्त करायला अडीच महिने लागले, पण झालं. सातबाऱ्यावर नाव बरोबर आहे का ते आपण वर्षाला बघतो तसं हे पण बघायला पाहिजे.

शिवना_टाकळी

मी वर तक्रार ठोका म्हणलो होतो, घाईत बोललो. पण माझा मुद्दा कर्जमाफीचा आहे त्यावर कुणी बोलत नाही. माझं २०१९ च्या महात्मा फुले योजनेत माफ झालं. २ लाखाच्या आत होतं म्हणून बसलं. माझ्या चुलत्याचं २ लाख ३० हजार होतं, ते बसलं नाही. त्याला सगळ्यांनी सांगितलं होतं भरू नको, माफी येणार हाय. तो थांबला, माफी आली, पण त्याच्यापर्यंत आली नाही. तेव्हापासून खातं एनपीए अन् आता तो शेकडा ३ नं सावकाराकडून पेरणी करतो. लाखाला वर्षाचे ३६ हजार व्याज. आमच्याच बांधाला लागून ज्याचं खातं चालू हाय तो वेळेवर भरतो अन् ३ लाखापर्यंत त्याला राज्याच्या सवलतीमुळं व्याज लागत नाही. एकच काळी माती, एकच पाऊस. लोकांना थकवा म्हणून सांगणारे पुढारी मात्र मोकळे.

निवृत्त_कॅशियर_परभणी

तुमच्या चुलत्यांसारखी माणसं मी खिडकीतून बघितली आहेत, फार वाईट वाटायचं. माफी मिळाली त्यांनीही रिपोर्ट बघावा. कोणाच्या खात्यापुढं क्लोज्ड येतं तर कोणाच्या पुढं सेटल्ड. माफीची यादी आणि बँकेचा बेबाकी दाखला असेल तर दुरुस्ती मागता येते.

आणि थकलेल्या माणसानं शाखेत जायचं टाळू नये. अतिवृष्टी जाहीर झाली की पीककर्जाचं पुनर्गठन करता येतं, हप्ते पुढं ढकलून मिळतात. त्याला अर्ज करावा लागतो. लोक लाजून येत नाहीत आणि मुदत निघून जाते.

जालना_नवा_मोंढा

शहरातल्यांसाठी एक भर घालतो. माझं क्रेडिट कार्ड, १ लाखाची मर्यादा, दर महिन्याला ८०-९० हजार वापरायचो आणि पूर्ण भरायचो, तरी स्कोर ७९० वरून ७३० ला आला. मर्यादेच्या तीस टक्क्याच्या आत वापरत गेलो तर चार महिन्यात वर आला. आणि स्कोर कमी म्हणून व्याज जास्त लागलं तर फरक किती पडतो ते सांगतो, घरासाठी २० लाख, २० वर्षं. साडेआठ टक्क्यानं हप्ता १७,३५६. साडेदहानं १९,९६८. महिन्याला २,६१२ चा फरक, २० वर्षात सव्वासहा लाखाच्या वर. एक खोली जास्त बांधून होती तेवढ्यात.

रेणाकाठ

अडीच महिन्यांनी लिहितोय, उशीर झाला. ज्यांनी ज्यांनी लिहिलं त्या सगळ्यांचे उपकार.

मोबाईलवाल्या कंपनीच्या शाखेत तीनदा जावं लागलं. पहिल्यांदा म्हणले सिस्टिममधे तुमचं खातंच दिसत नाही. भाच्यानं रिपोर्टातला खाते नंबर दाखवला तवा दिसलं. १,१८० चे तोवर १,२४० झाले होते, भरले. एकजण म्हणला ७०० द्या सेटल करतो, मी नको म्हणलो, बालाघाट दादा तुमचीच आठवण आली. दाखला १६ दिवसांनी मेलवर आला. डिस्प्यूट टाकला, २३ व्या दिवशी थकबाकी शून्य दिसली.

मित्राकडं गेलो. चिडायचं नाही ठरवून गेलो होतो तरी सुरुवातीला आवाज चढलाच. त्याची आई बाहेर आली अन् मी गप झालो. त्याला माहितीच नव्हतं की माझ्या नावापुढं बी ते लिहिलं जातं, त्याला वाटायचं बँक फक्त त्यालाच धरणार. उरलंसुरलं सोयाबीन विकून त्यानं दोन हप्ते भरले, एक मी उसना दिला, चौथा त्यानं ट्रॅक्टरच्या भाड्यातून भरला. आता चालू हप्ता तारखेला जातोय, तो मला दर महिन्याला पावतीचा फोटो टाकतो, मी मागितला नव्हता. जामिनातून नाव काढता येईल का विचारलं तर बँक म्हणली दुसरा जामीनदार आणा, अन् आम्ही मान्य केलं तरच. त्याला दुसरा कोण मिळणार, म्हणून तो विषय सोडून दिला.

गटसचिवाकडून सोसायटीचा आठ वर्षांचा खातेउतारा सही-शिक्क्यानिशी घेतला. स्कोरमधे तो धरत नाहीत हे कळलं, पण बँकेतल्या नव्या साहेबांनी तो पानापानानं बघितला अन् फाईलला लावून घेतला. स्कोर आता ६६४ हाय. साहेब म्हणले ट्रॅक्टरच्या खात्याचे आणखी दोन-तीन महिने हप्ते वेळेवर जाऊ द्या, दुधाची रक्कम रोखीत न घेता खात्यात घ्या, मग या.

दूध आता खात्यात घेऊलालो. कोटेशनची मुदत संपली, शोरूमवाल्याला नव्यानं मागितलंय.

गोदाकाठची_लेक

दादा, तो खातेउतारा सचिवांकडून कसा मागितला? साधा अर्ज चालला का काही फी भरली? आमच्या बायकांच्या गटाचा पण असाच काढून ठेवायचा आहे.

रेणाकाठ

ताई साध्या कागदावर अर्ज लिहिला, खाली सभासद क्रमांक टाकला. शंभर रुपये घेतले, पावती दिली. दोन प्रती मागा, एक घरी राहू द्या.